वाकळेतली ओली चिंधी

वारणेच्या काठी डोहवाडी नावाचे गाव होते आणि गावाच्या वर, माळावर, भैरोबाचे दगडी देऊळ. वाकळे महाराज त्या देवळात कधी येऊन राहिले याविषयी गावात दोन मते आहेत. काही म्हणतात मोठ्या दुष्काळानंतरच्या साली, काही म्हणतात त्याच्याही आधी. खुद्द महाराजांना कोणी विचारले की ते म्हणत, “आलो खरा. आता राहू द्या.” बारा महिने त्यांच्या अंगावर एक वाकळ असे. गोधडीला त्या भागात वाकळ म्हणतात. त्यावरून नाव पडले आणि खरे नाव विचारायचे राहूनच गेले.

भाविकहो, महाराजांच्या पुष्कळ कथा आहेत आणि त्यांतल्या काही सांगणाऱ्यांनी बऱ्याच फुगवल्या आहेत. ही मात्र मी ज्यांच्या तोंडून ऐकली, ते त्या दिवशी देवळात होते. त्यांनी सांगितले तेवढेच सांगतो.

त्या साली चैत्रात महाराजांनी सुंद्राबाईला बोलावणे धाडले. सुंद्राबाई शिंप्याची विधवा. मूलबाळ नव्हते. लोकांच्या जुन्या लुगड्या-धोतरांच्या वाकळा शिवून ती पोट भरी आणि उरलेला वेळ देवळाच्या झाडलोटीत घाली. गाव तिला सुंद्राक्का म्हणे, पण ते वयाला. मान असा कोणी देत नसे.

महाराज म्हणाले, “सुंद्रे, एक वाकळ शिवायची आहे. गावातल्या दर माणसामागे एक चिंधी. घरामागे नव्हे, माणसामागे. पाळण्यातल्यापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत.”

“एवढी थोरली वाकळ पांघरायची कुणी, म्हाराज?”

“पांघरायची नाही, अंथरायची. नदी गावात आली की गावाला इथे यावे लागेल. तेव्हा बसायला काही नको का?”

नदी त्या वेळी घोट्याइतकी होती. पोरे तिच्यातून चालत पलीकडे कैऱ्या पाडायला जात. पण सुंद्राबाईने उलट विचारले नाही. महाराजांनी आणखी दहा-बारा माणसांना कामे नेमून दिली. कोणी सरपण वाळवून सभामंडपाच्या वळचणीला रचायचे, कोणी पाणी उकळायला हंडे घासून ठेवायचे, कोणी देवळामागे चर खणायचा, कोणी माळावर जनावरांसाठी मेखा ठोकायच्या. यात कोणाला काही मिळायचे नव्हते. सेवेकरी म्हणून नाव लागले, एवढेच. सुंद्राबाईला वाकळेशिवाय आणखी एक काम होते.

“तू दारात उभे राहायचे,” महाराज म्हणाले. “येईल त्याला एकच विचारायचे. मागे कोण राहिले?”

“आत किती आले ते नको इचारायला?”

“आत आलेले दिसतात, ग. ते कशाला विचारायचे?”

सुंद्राबाई घरोघर फिरली. लोक हसले, पण चिंध्या दिल्या. चिंधी द्यायला कोणाचे काय जाते? एक घर मात्र अडले. ते दौलतराव पाटलांचे. गावात दुमजली घर त्यांचे एकट्याचे, गुऱ्हाळ त्यांचे आणि त्या गुऱ्हाळातली गूळ आटवायची काहील एवढी रुंद की तिच्यात पाच माणसे मांडी घालून जेवायला बसावीत. बायको वारलेली, एकुलता मुलगा पलटणीत. घरात पाटील, त्यांची सून अनुसया आणि दोन गडी.

पाटील ओसरीवर पान जुळवीत बसले होते. म्हणाले, “सुंद्राक्का, पाव्हण्याचा पत्ता न्हाई आन् तू हातरूण घालून बसलीस व्हय? आमच्या घराच्या दुसऱ्या पायरीवर पाणी माझ्या आज्यानं बघितलं न्हाई. तुझ्या त्या बुवाला म्हणावं, भीक मागायची तर सरळ माग.”

गडी हसले. महाराजांनी पुराच्या दिवसांपुरती काहील देवळाजवळ आणून ठेवायला मागितली होती, तीही पाटलांनी नाकारली. “माझी काहील गुळासाठी हाय, बुवाच्या खेळाला न्हाई,” असे उत्तर आले. महाराजांनी ते ऐकले आणि लसूण सोलत राहिले.

त्या दिवशी सुंद्राबाई पाटलांच्या घराला वळसा घालून परत निघाली, तर परसदारी अनुसया उभी. पोटुशी होती, पाच महिने भरलेले. तिने इकडेतिकडे पाहून पदराआडून दोन चिंध्या काढल्या. एक माहेरच्या जुन्या लुगड्याची, पिवळ्या काठाची. दुसरी त्याच लुगड्याची, पण तळहाताएवढी.

“ही माझी,” ती म्हणाली, “आन् ही बारकी, जे यायचं हाय त्याची. शेजारी-शेजारी लाव, आक्का. आन् मामंजींना कळू दिऊ नगंस.”

“न्हाई कळू द्यायची,” सुंद्राबाई म्हणाली. तिने त्या दोन चिंध्या वाकळेच्या कडेला, एकमेकींना चिकटून, दुहेरी टाक्याने शिवल्या.

श्रावण लागला आणि आठ दिवस पाऊस थांबला नाही. नवव्या दिवशी सकाळी नदी चावडीपाशी आली. मग गाव माळाकडे निघाले. कोणाच्या डोक्यावर पीठ, कोणाच्या काखेत कोंबडी, कोणाच्या पाठीवर म्हातारी. सरपण वाळलेले होते, हंडे उकळत होते, मेखा ठोकलेल्या होत्या. सभामंडपभर ती वाकळ अंथरली होती आणि गंमत अशी की येणारा जो तो आपली चिंधी शोधून तिच्यावरच बसे. “ही माझ्या धोतराची,” “ही आमच्या बाळीच्या परकराची.” पूर दारात असताना माणसे असली भांडणे करतात, हे मला त्यातले फार आवडते.

सुंद्राबाई दारात चिंब उभी राहून विचारीत होती, “मागं कोण ऱ्हायलं?” या एका प्रश्नाने सकाळपासून तीन माणसे वाचली होती. कोणाचा बहिरा चुलता परड्यात झोपलेला निघाला, कोणाची पोर कुत्र्यासाठी मागे थांबलेली. नाथा कोळ्याने त्यांना होडीतून आणले आणि शेवटच्या खेपेला चिंचेच्या बुंध्यावर आदळून त्याची होडी फुटली. तो स्वतः पोहत आला.

पाटील सर्वांत शेवटी आले. मागे दोन गडी, मान खाली घातलेले.

“मागं कोण ऱ्हायलं?” सुंद्राबाईने विचारले.

“कुणी न्हाई.”

“सूनबाई?”

पाटलांनी तिच्याकडे असे पाहिले की तिने नजर खाली केली. “माह्यारी धाडलीया गाडीनं, काल सकाळी. तुला सांगून धाडायची व्हती का?”

ते आत गेले आणि वाकळेवर न बसता खांबाला टेकून उभे राहिले. त्यांची चिंधी त्या वाकळेत नव्हतीच.

भाविकहो, अनुसया माहेरी नव्हती. ती पाच दिवसांपूर्वी बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. बाळंतिणीने सव्वा महिना देवळाची पायरी चढू नये असा रिवाज. सोयर तर घरातल्या सगळ्यांनाच असते, पाटलांनाही होते. पण अडचणीच्या वेळी ते सभामंडपापुरते विसरायला हरकत नाही असे पाटलांनी ठरवले. सुनेच्या बाबतीत मात्र त्यांना तसे ठरवता आले नाही. तिला वारा लागेल, देव विटाळेल, गाव बोलेल. माडी उंच, भिंती चुन्याच्या, दुसऱ्या पायरीवर पाणी आज्यानेही पाहिलेले नाही. म्हणून म्हाळू सुईणीला तिच्याजवळ ठेवून, शेगडी आणि दोन दिवसांची भाकरी देऊन त्यांनी बाहेरून कडी घातली आणि गड्यांना दम दिला. त्यांना दुष्ट म्हणता येत नाही. त्यांना वाटले, दोन दिवसांत पाणी उतरेल.

दुपार झाली. पाणी उतरले नाही, चढले. भाकरी वाटून झाली आणि कोणीतरी गुळाचा चहा केला. नाथाने वाटी महाराजांपुढे धरली. महाराज सभामंडपाच्या कोपऱ्यात बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात डोक्याच्या वर होते, तळवे आभाळाकडे.

“म्हाराज, च्या.”

“ठेव तिथे. आत्ता हात मोकळे नाहीत.”

नाथाने वर पाहिले. हातांत काहीच नव्हते. म्हातारपणी असे व्हायचेच, असे समजून तो वाटी ठेवून गेला. खांबाशी उभे असलेले पाटील मोठ्याने म्हणाले, “आता बुवा आभाळ झेलाय बसलं वाटतं!” एक-दोघे हसले. महाराजांनी हात खाली केले नाहीत.

त्याच सुमाराला सुंद्राबाईचा पाय ओल्यात पडला. वाकळेच्या कडेला, पिवळ्या काठाच्या चिंधीवर. तिला वाटले, कोणाचा तांब्या कलंडला. तिने चिंधी पिळली. गढूळ पाणी निघाले, पुराच्या रंगाचे. वर छप्पर पाहिले, कोरडे. भोवतालच्या चिंध्या चाचपल्या, कोरड्या. पुन्हा त्या चिंधीला हात लावला, तर ती पुन्हा भिजलेली होती. तिला चिकटून शिवलेली तळहाताएवढी चिंधी मात्र खडखडीत कोरडी होती.

सुंद्राबाई शिकलेली नव्हती, पण कोणाची चिंधी कुठली हे तिला तोंडपाठ होते.  ती पाटलांजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “आबा, सूनबाई खरंच माह्यारी हाय का?”

“किती येळा सांगू?”

“तिची चिंधी भिजाया लागलीया.”

“तिची कसली चिंधी? माझ्या घरातनं चिंधी गेलेली न्हाई.”

तिने दिलेला शब्द आता मोडावा लागणार होता. त्याचेच तिला क्षणभर वाईट वाटले. “गेली हाय,” ती म्हणाली. “परसदारानं. तिनं सवता दिली. एक तिची, एक पोटातल्याची.”

पाटलांचा चेहरा लाल झाला. सगळ्या देवळाला ऐकू जाईल असे ते ओरडले, “ऐका हो! सुंद्राक्काला आता चिंध्या बोलाय लागल्या! माझ्या सुनेला चोर ठरवतीया, मला खोटं पाडतीया. ह्या बाईला दारातनं काढा. उद्या तुमच्या घरावर पण असंच काय तरी रचंल.”

 पाटलांचे ऐकायची गावाला सवय होती. दोन सेवेकरी तर उठलेही. सुंद्राबाईने आयुष्यात कोणाला उलट बोललेले कोणी ऐकले नव्हते. ती महाराजांकडे वळली. “म्हाराज, मी काय करू?”

“तुझे काम काय आहे?”

“मागं कोण ऱ्हायलं त्ये इचारायचं.”

“मग विचार की.” महाराजांचा आवाज ओढलेला होता. त्यांचे हात आता थरथरत होते आणि कपाळावर घाम आला होता.

सुंद्राबाई वाकळेच्या कडेला खाली बसली. तिने पिवळ्या काठाची चिंधी पिळली, लगेच पुन्हा पिळली. हंडाभर पाणी निघाले असते. मग सगळ्यांनी पाहिले ते असे की ओल टाक्यापर्यंत सरकली आणि बारक्या चिंधीचा एक कोपरा काळपट झाला. सुंद्राबाईने पदराचे टोक त्या टाक्यावर दाबून धरले आणि मान वर न करता म्हणाली, “आबा, थोरली भिजून गेली. बारकी अजून कोरडी हाय. कोपरा तेवढा भिजलाय. तिथं पाणी पोचायच्या आत सांगा. मागं कोण ऱ्हायलं?”

दोन गड्यांपैकी एक रडायला लागला. पाटील त्याच्यावर ओरडले नाहीत. ते खांबावरून घसरत खाली बसले आणि त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो पाटलांचा नव्हता, कोणाही घाबरलेल्या म्हाताऱ्याचा होता.

“सून ऱ्हायली,” ते म्हणाले. “आन् पाच दिसांची पोर. म्हाळू बी हाय संगं. माडीवर. भायेरनं कडी हाय.”

देवळात एकच कल्लोळ झाला. होडी फुटलेली, पाण्याला ओढ अशी की म्हैस वाहून जावी. नाथा उठला. “काहील!” तो म्हणाला. “गुऱ्हाळ अजून पाण्याच्या वर हाय. काहील चालंल. पर एकट्यानं न्हाई जमायचं, गोल भांडं गरागरा फिरतंय. समोर वजन पायजे.”

“मी बसतो,” पाटील म्हणाले.

आठ सेवेकऱ्यांनी ती काहील गुऱ्हाळातून उचलून पाण्याला लावली. जी देवळापाशी ठेवायची म्हणून मागितली होती आणि मिळाली नव्हती, तीच. पाटील तिच्यात उकिडवे बसले, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून. नाथाने वेळू रेटला. काहील दोन गिरक्या घेऊन घरांच्या दिशेने लागली आणि पावसात दिसेनाशी झाली.

इकडे देवळात सुंद्राबाई एका हाताने चिंधी पिळीत होती, दुसऱ्या हाताने टाका दाबून धरीत होती. तिची बोटे सोलवटली. बायका एकामागून एक आपले कोरडे पदर तिच्या हाती देत होत्या. एक भिजला की दुसरा. बारक्या चिंधीचा अर्धा भाग ओला झाला, मग अर्ध्याहून थोडा जास्त. कोपऱ्यात महाराजांचे हात खांद्यापासून हलत होते. डोळे मिटलेले होते. वाटीतला चहा केव्हाच निवला होता.

नाथाने नंतर सांगितले ते असे. पाटलांच्या घराची मागची भिंत बसली होती आणि माडी एका अंगाला खचून पाण्यात गेली होती. काहील भिंतीच्या भगदाडातून आत घ्यावी लागली. ती फिरू नये म्हणून पाटलांनी डोक्याचा फेटा सोडला आणि त्याने ती तुळईला बांधली. म्हाळू सुईण तुळईला मिठी मारून बसली होती. अनुसया पेटाऱ्यावर उभी होती, छातीपर्यंत पाण्यात. आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर तिने सूप धरले होते. सुपात पोर झोपली होती.

“मामंजी,” ती म्हणाली, “आधी हिला घ्या.”

पाटलांनी सूप हातात घेतले. त्या पाच दिवसांत त्यांनी नातीचे तोंड पाहिले नव्हते. ते त्यांनी काहिलीत बसून पाहिले.

त्याच वेळी, असे देवळातले लोक शपथेवर सांगत, महाराजांनी डोळे उघडले, हात हळूहळू खाली घेतले आणि म्हणाले, “चहा गरम करून आण रे कोणीतरी.” सुंद्राबाईने चिंधी पिळली. या खेपेला तिच्यातून पाणी निघाले नाही.

दिवस मावळायच्या आत काहील पाचही जणांना घेऊन माळाला लागली. अनुसया पोरीला घेऊन पायरीपाशी आली आणि तिथेच थांबली. सभामंडपातल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. अनुसया थंडीने कापत होती. “मी हितंच वळचणीला बसते,” ती म्हणाली. “सव्वा म्हैना व्हायचा हाय.”

महाराज आतून म्हणाले, “पोरी, पाऊस देवाचा, नदी देवाची आणि पायरी तेवढी तुझ्या सासऱ्याची का? वर ये. तुझी जागा मघापासून ओली होऊन पडली आहे.”

बायकांनी तिला हात धरून वर घेतली, कोरडे नेसवले आणि तिच्याच चिंधीवर बसवली. पोरीला बारक्या चिंधीवर ठेवले. ती बरोबर मावली. सुंद्राबाईने तिच्या हातांना तेल लावता-लावता विचारले, “एवढा येळ हात वर धरलंस, दुखलं न्हाईत?”

“न्हाई, आक्का,” अनुसया म्हणाली. “सुपाला खालनं आधार व्हता. मी निसतं बोट लावून उभी व्हते.”

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. महाराजांचे दोन्ही हात कोपरापर्यंत सुजले होते. वाटी तोंडाशी न्यायची तर त्यांना जमेना, म्हणून नाथा त्यांना चहा पाजीत होता. धन्य ते हात! आणि महाराज तक्रार करीत होते ती एवढीच, की गूळ कमी पडला.

दौलतराव पाटील अजून पायरीच्या खाली उभे होते. डोक्याला फेटा नव्हता, तो तुळईलाच राहिला होता. गावाने त्यांना बोडके कधी पाहिले नव्हते. ते वर आले आणि महाराजांच्या पायांकडे निघाले, तेव्हा महाराज म्हणाले, “इकडे नको. मी बसून होतो. दारात कोण उभे होते?”

पाटील वळले. सुंद्राबाई सवयीने पुन्हा दारात जाऊन उभी राहिली होती, सोललेली बोटे पदरात गुंडाळून. पाटील तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तिच्या ओल्या, चिखलाने भरलेल्या पायांवर कपाळ टेकले. ती लाजून मागे सरली, पण त्यांनी पाय सोडले नाहीत.

 तिने दिवसभर जे विचारले तेच पुन्हा विचारले.

“आबा, मागं कोण ऱ्हायलं?”

पाटलांनी मान वर केली नाही. म्हणाले, “कुणी न्हाई, आक्का. आता खरंच कुणी न्हाई.”